सीसीटीव्हीतली पुसट नंबरप्लेट मालिकांत दाखवतात तशी खरंच स्पष्ट होते का?

गेट_नंबर_दोन (प्रश्न)

सोसायटीच्या गेटसमोर उभ्या असलेल्या चारचाकीला रात्री एका दुचाकीने मागून ठोकलं. दुचाकीवाला चार-पाच सेकंद जागेवर थांबला आणि निघून गेला. गेटच्या खांबावर 2 मेगापिक्सेलचा डोम कॅमेरा आहे, लेन्स 2.8 एमएम, ठोकलं ती जागा अंदाजे 10 मीटरवर. सचिवांनी व्हॉट्सअ‍ॅपवर क्लिप पाठवली. त्यात नंबरप्लेट म्हणजे पांढरा ठिपका आणि त्यावर दोन करड्या पट्ट्या, एवढंच दिसतं.

टीव्हीवरच्या तपास-मालिकांत अशाच फुटेजवर "झूम करा, क्लिअर करा" म्हणतात आणि नंबर लख्ख वाचता येतो. त्यातलं कितपत खरं? मोबाइलमधल्या एका एआय अ‍ॅपला स्क्रीनशॉट दिला तर त्याने चक्क स्वच्छ नंबर काढून दिला. तो पोलिसांना द्यावा का? आणि खरोखर काही करता येत असेल तर सुरुवात कुठून करायची, तेही सांगा.

मोजपट्टी

एआयने दिलेला नंबर तूर्त कुणालाही देऊ नका. का, ते खाली कुणीतरी सविस्तर लिहीलच. मी आकडेमोड मांडतो, निम्मं उत्तर त्यातच आहे.

2.8 एमएम लेन्सचा आडवा कोन साधारण 100 ते 105 अंश असतो. म्हणजे 10 मीटरवर तुमचा कॅमेरा जवळजवळ 25 मीटर रुंदीचा पट्टा बघतोय. 2 मेगापिक्सेलमध्ये आडवे पिक्सेल 1920. भागाकार केला की मीटरमागे 75 च्या आसपास पिक्सेल येतात. एक पिक्सेल म्हणजे जागेवरचे 13 मिलिमीटर.

आता प्लेट. केंद्रीय मोटार वाहन नियमांप्रमाणे दुचाकीच्या मागच्या प्लेटवर अक्षरं 35 मिलिमीटर आणि आकडे 40 मिलिमीटर उंच असतात, रेघेची जाडी 7 मिलिमीटर, दोन अक्षरांमधली फट 5 मिलिमीटर. प्लेट 200 बाय 100. तुमच्या फुटेजमध्ये सबंध प्लेट 15 पिक्सेल रुंद, 7-8 पिक्सेल उंच आणि एकेक आकडा फक्त 3 पिक्सेल उंच. 8 ची रेघ अर्ध्या पिक्सेलची, पोटातली पोकळी एका पिक्सेलपेक्षा कमी. सेन्सर त्या चौकोनात पडलेला काळा-पांढरा प्रकाश एकत्र मोजतो आणि एकच करडी किंमत लिहून ठेवतो. 3, 6, 8, 9 या चौघांचीही बेरीज जवळपास सारखीच येते. त्या करड्या किमतीतून मागे जाऊन नेमका कोणता आकडा होता हे शोधायला दुसरा कुठलाही धागा तिथे शिल्लक नाही.

व्हिडिओ टेहळणीसाठी आयईसी 62676-4 नावाचं मानक आहे. त्याच्या 2014 च्या आवृत्तीत अनोळखी माणसाची ओळख पटवायला मीटरमागे 250 पिक्सेल, ओळखीचा माणूस ओळखायला 125 आणि नुसतं कुणीतरी आहे एवढं कळायला 25 पिक्सेल धरले होते. तुमचे 75 त्यात कुठे बसतात ते बघा. दुचाकी होती, साधारण कोणत्या प्रकारची होती, चालवणाऱ्याने हेल्मेट घातलं होतं का, हे कळेल. नंबर वाचणं त्या अंतरावर शक्य नाही.

पण एक गोष्ट तपासा. दुचाकी येताना किंवा जाताना खांबाच्या जवळून गेली का? 4 मीटरवर हाच कॅमेरा मीटरमागे 190 च्या आसपास पिक्सेल देतो. तिथे आकडा 7-8 पिक्सेल उंच होतो. तो वाचनाच्या अगदी सीमेवर असतो, पण त्यात काम करायला काहीतरी असतं. सगळे जण ठोकल्याच्या क्षणाचीच फ्रेम पुन्हापुन्हा मोठी करून बघतात. उपयोगाची फ्रेम बऱ्याचदा त्याच्या आधीची किंवा नंतरची असते.

सप्तर्षी

मोजपट्टी यांचा हिशेब बरोबर आहे. त्याला एक जोड देतो, कारण "अस्पष्ट फोटो" या एका नावाखाली चार वेगळे आजार येतात आणि प्रत्येकाचं औषध वेगळं.

पहिला म्हणजे पिक्सेलच कमी असणं. त्याबद्दल वर आलंच. दुसरा फोकस चुकणं: दृश्यातला प्रत्येक बिंदू छोट्या चकतीएवढा पसरतो. तिसरा हालचाल: प्रत्येक बिंदूची रेघ होते. चौथा कॉम्प्रेशन: जेपेगमध्ये 8 बाय 8 पिक्सेलचा एकेक चौकोन घेऊन त्यातले बारीक तपशील आकडे गोल करताना शून्य करून टाकलेले असतात.

दुसऱ्या आणि तिसऱ्या प्रकारात माहिती गेलेली नसते, शेजारच्या पिक्सेलमध्ये मिसळलेली असते. ती कशी मिसळली हे ठाऊक असेल तर उलट गणित करून बरीचशी वेगळी काढता येते. याला डीकन्व्होल्यूशन म्हणतात. हबल दुर्बीण एप्रिल 1990 मध्ये वर गेली तेव्हा तिच्या मुख्य आरशाची कड 2.2 मायक्रॉनने जास्त सपाट घासली गेली होती. ताऱ्याचा बहुतांश प्रकाश एका बिंदूवर यायला हवा, तर फक्त 15 टक्क्यांच्या आसपास मध्यावर येत होता आणि उरलेला भोवती पसरत होता. डिसेंबर 1993 मध्ये अंतराळवीरांनी दुरुस्ती करेपर्यंत खगोलशास्त्रज्ञांनी रिचर्डसन-लुसी पद्धतीने (रिचर्डसन 1972, लुसी 1974) चित्रं सुधारून काम चालवलं. ते जमलं, कारण चूक नेमकी मोजलेली होती, तारा हा बिंदूच असतो हे माहीत होतं आणि कच्चा डेटा न दाबता मिळत होता. सीसीटीव्हीत या तिन्ही गोष्टी नसतात.

हालचालीच्या धूसरपणात अडचण कुठे येते ते आकड्यात सांगतो. वस्तू एका फ्रेममध्ये 8 पिक्सेल सरकली तर 8, 4, 2.67 अशा पिक्सेल-अंतराने पुनरावृत्त होणारे पट्टे चित्रातून पूर्ण पुसले जातात, कारण त्या अंतरात काळ्या-पांढऱ्याची सरासरी शून्यावर येते. उलट गणित करताना तिथे शून्याने भागायची वेळ येते. सेन्सरचा रवाळपणा (नॉइज) अतोनात फुगतो आणि चित्रभर लाटा उठतात. गणितज्ञ नॉर्बर्ट वीनरच्या नावाचं फिल्टर हेच सांभाळतं: जिथे रवाळपणा सिग्नलपेक्षा मोठा, तिथे हात आखडता घ्यायचा. म्हणून फिल्टरमध्ये त्रिज्या किंवा अंतर भरताना फोटोतूनच मोजून भरा. दूरचा एखादा दिवा किंवा परावर्तकाचा ठिपका शोधा. त्याची रेघ झाली असेल तर तिची लांबी आणि कोन हेच तुमचं माप. मात्र चालत्या गाडीच्या बाबतीत तो ठिपका त्याच गाडीवरचा हवा. खांबावरचा दिवा स्थिर असतो, तो गाडीच्या वेगाबद्दल काही सांगत नाही. फोटोशॉपच्या स्मार्ट शार्पनमध्ये मोशन ब्लर निवडून हे कोन-अंतर देता येतं. फोकस चुकला असेल तर तिथेच लेन्स ब्लर निवडा. रॉथेरपी या फोटो-सॉफ्टवेअरमधलं कॅप्चर शार्पनिंग रिचर्डसन-लुसीवरच चालतं आणि ते फुकट आहे, पण ते लेन्सच्या हलक्या मऊपणासाठी आहे, 8 पिक्सेलच्या रेघेसाठी नाही.

पूर्ण उलटवता येणारा एक प्रकारही आहे. 2007 मध्ये इंटरपोलने एका फरार गुन्हेगाराचा फोटो जाहीर केला होता. त्याने स्वतःचा चेहरा भोवऱ्यासारखा फिरवून इंटरनेटवर टाकला होता. जर्मन पोलिसांच्या तज्ज्ञांनी तो उलट फिरवून सरळ केला. भोवऱ्यात पिक्सेल फक्त जागा बदलतात, एकमेकांत मिसळून सरासरी होत नाही. मालिकांत दिसतं तसं परिणामकारक काम अशाच ठिकाणी होतं.

डीव्हीआर_फिटर

व्हॉट्सअ‍ॅपची क्लिप विसरा. व्हॉट्सअ‍ॅप व्हिडिओ दाबून लहान करतं. त्यावर केलेलं काम फुकट. आधी मूळ रेकॉर्डिंग काढा, आणि आजच काढा. 1 टीबी डिस्क, 4 कॅमेरे, प्रत्येकी 2 एमबीपीएस असेल तर दिवसाला 86 जीबी भरतात. अकरा-बारा दिवसांत जुनं पुसून नवीन लिहिलं जातं.

काढताना बहुतेक ठिकाणी होणाऱ्या चुका सांगतो. मॉनिटरसमोर मोबाइल धरून शूटिंग करू नका. मोबाइल अ‍ॅपवरून डाउनलोड केलं तर बऱ्याचदा सब-स्ट्रीम मिळते, म्हणजे कमी पिक्सेलची दुय्यम प्रत, 640 बाय 360 किंवा 704 बाय 576. तुमच्याकडे आधीच 15 पिक्सेलची प्लेट आहे, सब-स्ट्रीममध्ये ती 5 पिक्सेलची होईल. डीव्हीआरला (रेकॉर्डिंग साठवणाऱ्या पेटीला) माउस लावून पेनड्राइव्हवर बॅकअप घ्या, मेन स्ट्रीम म्हणजे पूर्ण पिक्सेलचं रेकॉर्डिंग निवडा आणि कंपनीचा मूळ फॉरमॅट ठेवा. एव्हीआय किंवा एमपी4 निवडलं की काही डीव्हीआर पुन्हा कॉम्प्रेस करतात. प्लेअरही सोबत कॉपी करा. घटनेच्या आधीची 10 आणि नंतरची 10 मिनिटं घ्या, आणि सगळ्या चॅनेलची घ्या, फक्त गेटची नको.

डीव्हीआरच्या घड्याळाचा आणि मोबाइलच्या घड्याळाचा एकत्र फोटो काढून ठेवा. डीव्हीआर पाच-दहा मिनिटं पुढे-मागे असणं नेहमीचं. शेजारच्या दुकानाच्या फुटेजशी वेळ जुळवताना याचाच आधार लागतो.

गेट_नंबर_दोन

मूळ फाइल मिळाली. 1920 बाय 1080, सेकंदाला 15 फ्रेम, एच.264. दुचाकी थांबलेली असतानाच्या 60 च्या वर फ्रेम आहेत. एका फ्रेममध्ये नंबर नाही हे समजलं, पण 60 फ्रेम एकत्र केल्या तर? आणि प्लेट इतकी पांढरी का दिसते?

फ्रेमजोड

प्रश्न योग्य आहे, कारण मालिकांतल्या जादूच्या सगळ्यात जवळ जाणारी खरी पद्धत हीच. 16 फ्रेमची सरासरी घेतली की रवाळपणा चौथ्या हिश्शावर येतो. शिवाय वस्तू फ्रेमागणिक पिक्सेलच्या अंशाएवढी सरकत असेल तर प्रत्येक फ्रेम तीच प्लेट थोड्या वेगळ्या जागी कापून मोजते आणि त्या सगळ्या मापांतून एका फ्रेमपेक्षा बारीक चित्र उभं राहतं. गूगलच्या पिक्सेल 3 या फोनचं 2018 मधलं सुपर रेझ झूम याच तत्त्वावर चालतं, तिथे हाताची थरथर कामी येते.

तुमच्या बाबतीत दोन अडथळे आहेत. दुचाकी स्थिर आणि कॅमेराही खांबावर स्थिर, त्यामुळे 60 फ्रेममध्ये प्लेट त्याच पिक्सेलवर तशीच बसलेली आहे. रवाळपणा जाईल, तपशील वाढणार नाही. दुसरा अडथळा सहसा कुणाच्या लक्षात येत नाही: एच.264 या कॉम्प्रेशन पद्धतीत पूर्ण चित्र फक्त आय-फ्रेममध्ये असतं. मधल्या फ्रेममध्ये जिथे काही हललं नाही तिथे "आधीचाच चौकोन पुन्हा दाखव" एवढाच आदेश साठवतात. आय-फ्रेम दर दोन सेकंदांनी असेल तर तुमच्या 60 फ्रेममध्ये प्लेटची स्वतंत्र मापं दोन-तीनच निघतात, बाकी त्यांच्या प्रती. म्हणून थांबलेल्या फ्रेमपेक्षा दुचाकी हळू पुढे सरकत थांबली त्या शेवटच्या सेकंदातल्या फ्रेम जास्त मोलाच्या.

करायचं असं. व्हीएलसीमध्ये क्लिप थांबवून ई कळ दाबत एकेक फ्रेम पुढे जा आणि हव्या त्या फ्रेमचे स्नॅपशॉट पीएनजीमध्ये घ्या, जेपेगमध्ये नको. फिजी हे इमेजजे या चित्र-विश्लेषण सॉफ्टवेअरचं फुकट मिळणारं रूप बसवा. फ्रेम इमेज सिक्वेन्स म्हणून उघडा. प्लेटभोवती थोडी मोकळी जागा ठेवून, टेललाइट आत येईल एवढा भाग कापा. जुळवणीला ठळक कडा लागतात आणि त्या टेललाइटला असतात. मग चित्र मोठं करायच्या बायक्यूबिक पर्यायाने चौपट मोठं करा. यातून तपशील वाढत नाही, पण पाव पिक्सेलपर्यंत सरकवायला जागा होते. स्टॅकरेग प्लगइनमध्ये ट्रान्सलेशन निवडून जुळवा. रोटेशन किंवा अफाइन निवडलंत तर एवढ्या छोट्या तुकड्यावर ते भलतीकडे ओढतं. मग सगळ्या फ्रेमचं एक चित्र करणाऱ्या झेड-प्रोजेक्टमध्ये एकदा अ‍ॅव्हरेज, एकदा मीडियन करून दोन्ही बघा. हेडलाइट चमकून गेलेल्या फ्रेम आधीच काढून टाका. शार्पनिंग अगदी शेवटी, हलकं. प्रत्येक फ्रेम आधी शार्प करून मग जोडली तर कॉम्प्रेशनच्या चौकोनांच्या कडाच अक्षरांसारख्या दिसायला लागतात.

हे सगळं नीट जमलं तर हाती येणारी सुधारणा दीडपट, फार तर दुप्पट. 3 पिक्सेलचा आकडा 5-6 पिक्सेल असल्यासारखा दिसेल. 1 आणि 8 मधला फरक कळेल, 3 आणि 8 मधला नाही.

प्लेट पांढरी का, तर तिच्यावरचा परावर्तक कागद प्रकाश आला त्याच दिशेला परत फेकतो. कॅमेऱ्याचे आयआर एलईडी, म्हणजे रात्री उजेड देणारे इन्फ्रारेड दिवे, लेन्सच्या भोवतीच असतात, त्यामुळे सगळा उजेड थेट लेन्समध्ये येतो आणि पिक्सेल 255 वर, म्हणजे सगळ्यात पांढऱ्या किमतीवर, जाऊन अडकतात. अडकलेल्या पिक्सेलवर कुठलंही गणित चालत नाही. ब्राइटनेस कमी केला तर पांढऱ्याचा सपाट करडा होतो, अक्षरं येत नाहीत. कर्व्हज हलवून बघा, पांढऱ्या भागात 240, 247, 252 अशी चढउतार दिसली तर काम करण्यासारखं काही आहे. सगळीकडे 255 असेल तर ती फ्रेम सोडून द्या.

उलटा_मार्ग

फ्रेमजोड यांनी जिथे आणून सोडलं तिथून पुढे एक रस्ता आहे. पुसट चित्रावरून नंबर काढण्याऐवजी नंबरांवरून पुसट चित्र काढा आणि ताडून बघा.

नंबराचा साचा ठरलेला आहे: राज्याची दोन अक्षरं, आरटीओचे दोन आकडे, मालिकेची अक्षरं, मग चार आकडे. मालिकेत आय आणि ओ सहसा टाळतात, 1 आणि 0 शी घोळ नको म्हणून. पुण्यातली घटना असेल तर एमएच 12 किंवा 14 ची शक्यता मोठी, पण ती शक्यताच समजा. पोलिसांकडे किंवा गेटच्या नोंदवहीत त्या वेळच्या संशयित दुचाकींचे पाच-सात नंबर असतील तर त्या नंबरांच्या प्लेट खऱ्या मापात छापा, त्याच जागी, त्याच उंचीवर, रात्रीच्या त्याच उजेडात ठेवा आणि त्याच कॅमेऱ्याने रेकॉर्ड करा. छापील कागद आयआर परत फेकत नाही, म्हणून परावर्तक शीटवर छापून घ्या, नाहीतर तुलना चुकेल. आता दोन पुसट चित्रं शेजारी ठेवून करड्या छटांचा क्रम जुळवा. कुठला भाग गडद, कुठे फट, कुठे उजळ.

यातून "हाच नंबर" सिद्ध होत नाही. "या सातपैकी पाच असूच शकत नाहीत" हे मात्र ठामपणे म्हणता येतं, आणि तपासात त्याला किंमत असते.

जाता जाता, याच युक्तीची दुसरी बाजू. आधार क्रमांक किंवा बँक खातं लपवायला त्यावर मोझेक टाकून फोटो पाठवणारे खूप आहेत. फाँट माहीत असेल तर शून्य ते नऊ प्रत्येक आकडा तसाच मोझेक करून ताडता येतो. डेपिक्स नावाचं असं साधन 2020 पासून कुणालाही उपलब्ध आहे. लपवायचंच असेल तर वर काळा भरीव चौकोन टाका आणि त्याचा स्क्रीनशॉट पाठवा. मोबाइलच्या मार्कर पेनने काळं केलं तर ते बऱ्याचदा अर्धपारदर्शक असतं, ब्राइटनेस वाढवला की खालचं दिसतं.

नवा_फोन

मध्येच विचारतो. हल्लीचे फोन अस्पष्ट चेहराही स्पष्ट करतात, चंद्राचे खड्डे दाखवतात. मग एआयने नंबर काढून दिला तर तो खोटाच कशावरून?

ताडून_पाहा

तो खोटाच आहे असं नाही. तो कॅमेऱ्याने पाहिलेला नाही, एवढं नक्की. 15 बाय 8 पिक्सेलच्या चित्रात आकुंचन पावून बसू शकतील असे नंबर हजारोंनी आहेत. अ‍ॅप त्यातला एक निवडतं आणि तो स्वच्छ रंगवतं. तुम्हाला उरलेले दिसत नाहीत, म्हणून तो खरा वाटतो.

2020 मध्ये ड्यूक विद्यापीठातल्या संशोधकांनी पल्स नावाची पद्धत मांडली. 16 बाय 16 पिक्सेलचा चेहरा घेऊन ती 1024 बाय 1024 चा चेहरा तयार करते, असा की तो पुन्हा लहान केला तर मूळ ठिपक्यांशी जुळावा. लोकांनी बराक ओबामांचा ठिपकेदार फोटो दिला तेव्हा त्यातून एका गोऱ्या माणसाचा चेहरा बाहेर आला. गणित बिघडलं नव्हतं. तो चेहराही लहान केल्यावर त्याच ठिपक्यांना जुळत होता. चंद्राचंही तेच. मार्च 2023 मध्ये एका वापरकर्त्याने चंद्राचा फोटो 170 बाय 170 पिक्सेलचा करून, वर धूसर करून मॉनिटरवर लावला आणि सॅमसंगच्या फोनने दुरून टिपला. फोनने त्यात खड्डे भरून दिले. मॉनिटरवर ते नव्हतेच. चंद्र सगळ्यांना माहीत असतो, तो प्रशिक्षणात हजारदा आलेला असतो. तुमच्या दुचाकीचा नंबर आलेला नाही.

तुम्हाला घरी करता येईल अशी परीक्षा सांगतो. त्याच क्लिपमधल्या तीन वेगवेगळ्या फ्रेम त्याच अ‍ॅपला द्या. तीन वेगळे नंबर आले तर विषय संपला. एकच आला तरी थांबू नका: तुमच्याच दुचाकीच्या प्लेटचा फोटो 15 पिक्सेल रुंदीचा करा, जेपेगमध्ये 50 च्या आसपास क्वालिटीने साठवा आणि अ‍ॅपला द्या. ते तुमचा नंबर बरोबर सांगतं का बघा.

हे अ‍ॅप आजीच्या लग्नातला फोटो भिंतीवर लावायला वापरायला माझी हरकत नाही, घरच्यांना तो चेहरा आजीचा वाटतो का एवढं बघा. पण नंबरप्लेटच्या एका चुकीच्या आकड्याने पोलीस भलत्याच माणसाच्या दारात जातात. अमेरिकेत वॉशिंग्टन राज्यातल्या किंग काउंटी न्यायालयाने मार्च 2024 मध्ये एका तिहेरी खुनाच्या खटल्यात बचाव पक्षाने दिलेला एआयने सुधारलेला व्हिडिओ पुरावा म्हणून नाकारला, तो याच कारणाने: सॉफ्टवेअरने काय भरलं आणि कॅमेऱ्याने काय टिपलं हे वेगळं करून दाखवता येत नव्हतं.

कलम_63

पोलिसांना काय द्यायचं ते सांगते.

1 जुलै 2024 पासून पुरावा कायद्याच्या जागी भारतीय साक्ष अधिनियम आला. जुन्या कलम 65-ब चं काम आता कलम 63 करतं. पेनड्राइव्हवर दिलेल्या प्रतीसोबत प्रमाणपत्र लागतं. त्याचे दोन भाग आहेत: एक ज्याच्या ताब्यात डीव्हीआर आहे त्याचा, म्हणजे तुमच्या बाबतीत सोसायटीचा, आणि दुसरा तज्ज्ञाचा. त्यात फाइलचं हॅश मूल्य, म्हणजे फाइलचा जणू बोटाचा ठसा, लिहावं लागतं. विंडोजमध्ये सर्टयुटिल या आज्ञेने एसएचए-256 हॅश काढता येतो. पेनड्राइव्हवर फाइल उतरताच काढा. फाइल कुठल्याही एडिटरमध्ये उघडून पुन्हा साठवली की हॅश बदलतो, म्हणून आधी प्रत करा आणि सगळे प्रयोग प्रतीवर करा.

प्रमाणपत्राचा आग्रह किती पक्का आहे ते आपल्याकडच्याच खटल्यावरून कळेल. जालना मतदारसंघाच्या 2014 च्या निवडणुकीवरून निघालेल्या अर्जुन पंडितराव खोतकर विरुद्ध कैलास गोरंट्याल खटल्यात प्रश्न होता निवडणूक अधिकाऱ्याच्या कार्यालयातल्या व्हिडिओ रेकॉर्डिंगचा. 14 जुलै 2020 रोजी सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं की प्रत द्यायची तर प्रमाणपत्र अनिवार्य, मूळ उपकरणच हजर केलं तर नको, आणि संबंधित माणूस प्रमाणपत्र देत नसेल तर न्यायालयाकडे अर्ज करून मागवता येतं.

सुधारलेलं चित्र देऊ नये असं नाही. मूळ फाइलसोबत द्या, वेगळ्या नावाने द्या आणि कोणत्या फ्रेम, कोणतं सॉफ्टवेअर, कोणती आवृत्ती, कोणत्या क्रमाने काय केलं हे लिहून द्या. दुसऱ्या माणसाने तीच पावलं टाकल्यावर तेच चित्र आलं पाहिजे. सरासरी, कॉन्ट्रास्ट, डीकन्व्होल्यूशन या कसोटीला उतरतात. पुढे गरज पडली तर पोलीस फुटेज न्यायसहायक वैज्ञानिक प्रयोगशाळेत पाठवतात, मुंबईत ती कलिन्याला आहे. ते पोलीस किंवा न्यायालयामार्फतच जातं. तक्रारीत नंबरापेक्षा नक्की दिसणाऱ्या गोष्टी लिहा: टेललाइटचा आकार, मागचं कॅरिअर, पेटीवरचं स्टिकर, कुठल्या बाजूने आला, कुठे वळला आणि डीव्हीआरच्या घड्याळात किती फरक आहे. पुढच्या चौकातल्या कॅमेऱ्यात तीच दुचाकी जवळून मिळण्याची शक्यता, या प्लेटमधून नंबर निघण्याच्या शक्यतेपेक्षा कितीतरी जास्त आहे.

डीव्हीआर_फिटर

कलम_63 ताईंशी सहमत. सोसायटीच्या सभेत "4 मेगापिक्सेलचा कॅमेरा घ्या" असा ठराव होण्याआधी हे वाचा. 2.8 एमएम लेन्स ठेवून 4 मेगापिक्सेल घेतला तर आडवे पिक्सेल 1920 चे 2560 होतात, म्हणजे तुमचा 3 पिक्सेलचा आकडा 4 चा. पैसे लेन्सवर घाला. आहे तो कॅमेरा सगळं दृश्य बघायला राहू द्या आणि प्लेटसाठी वेगळा बुलेट कॅमेरा लावा, 2.8 ते 12 एमएम व्हेरिफोकल, म्हणजे झूम कमी-जास्त करता येणारी लेन्स. 12 एमएमला 10 मीटरवर साडेचार मीटरचा पट्टा दिसतो, मीटरमागे 430 च्या आसपास पिक्सेल, दुचाकीचा आकडा 17 पिक्सेल उंच आणि चारचाकीचा 65 मिलिमीटरचा आकडा 28 पिक्सेल उंच. एवढ्यात रोजच्या रोज वाचता येतं.

सेटिंगमध्ये शटर ऑटोवर सोडू नका. रात्री ते 1/25 सेकंदावर जातं. 36 किलोमीटर वेगाने आडवी जाणारी दुचाकी तेवढ्या वेळात 40 सेंटिमीटर सरकते, प्लेटच्या दुप्पट. 1/500 ठेवलं तर 2 सेंटिमीटर, 1/1000 ला 1 सेंटिमीटर. गाडी कॅमेऱ्याकडे किंवा कॅमेऱ्यापासून सरळ जात असेल तर 1/500 पुरतं, म्हणून कॅमेरा रस्त्याच्या दिशेने बघेल असा लावा, कोन 30 अंशांच्या आत. बाकीचं चित्र काळं दिसेल. सभासद तक्रार करतील, पण प्लेट परावर्तक असल्यामुळे तीच उठून दिसेल. आयआर निम्म्यावर आणा, हेडलाइटसाठी एचएलसी (झगझगीत उजेड दाबणारी सेटिंग) चालू करा. आय-फ्रेमचं अंतर फ्रेम रेटएवढं ठेवा, म्हणजे सेकंदाला एक पूर्ण चित्र मिळेल.

फोकस रात्री करा. आयआर प्रकाश दृश्य प्रकाशापेक्षा थोडा वेगळ्या जागी एकवटतो, त्यामुळे साध्या लेन्सवर दुपारी नेमका केलेला फोकस रात्री सुटतो. सोसायटीतल्याच एखाद्या दुचाकीला अंधार पडल्यावर गेटसमोरून नेहमीच्या वेगाने दोनदा न्या, मेन स्ट्रीमचं रेकॉर्डिंग पेनड्राइव्हवर काढा आणि कॉम्प्युटरवर नंबर वाचून बघा. फिटरचे पैसे त्यानंतर द्या.